चौदा नंबरची उत्तरदाती

नाशिकहून लातूरला कोणी हवापालटाला जात नाही. मी बॅग भरायला काढली तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "तिकडे कोण आजारी आहे?" आजारी कोणी नव्हतं. एका मुलीचा प्रबंध अडला होता. पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून मी निवृत्त झाले आणि आता लोकांच्या प्रबंधांचं मराठी तपासून देते. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आजारीच की."

मुलीचं नाव ज्योती. हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. आमच्याकडे लेखनाच्या कार्यशाळेला आली होती, तेव्हापासूनची ओळख. तिचा विषय मला फार आवडला होता. डाळीच्या गिरणीत तूर विकत घेताना माणसं दाणा दाताखाली चावून ती किती ओली आहे ते सांगतात. आता ओलावा मोजायची यंत्रं आली, तरी चावणं थांबलेलं नाही. ही चावणारी माणसं नेमकं काय ओळखतात आणि ती विद्या एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, यावर तिचा प्रबंध. विषय दोन शाखांमधला, म्हणून मार्गदर्शकही दोन: लातूरला अन्नतंत्रज्ञानाचे बिराजदार सर आणि नांदेडला समाजशास्त्राच्या सय्यद मॅडम.

"मॅडम, सोमवारी जमा न्हाई केला तर नोंदणी रद्द," ज्योती फोनवर म्हणाली. "सर एक म्हणून राहिले, मॅडम दुसरंच म्हणून राहिल्या. चौथ्या प्रकरणावर दोघंबी सही करायला तयार न्हाईत. सही न्हाई तर डिग्री न्हाई, अन् डिग्री न्हाई तर पक्की नोकरी कुठून?" मी मंगळवारच्या बसचं तिकीट काढलं. प्रवासाचं वर्णन करत नाही. बस होती, ती हलत होती, मी पोहोचले.

लातूर, बुधवार

लातूरच्या भिंतींवर देवांपेक्षा मुलांचे फोटो जास्त. प्रत्येक क्लासच्या फलकावर ओळीने पासपोर्ट फोटो, खाली गुण, आणि सगळ्या चेहऱ्यांवर 'झोप झालेली नाही' असा एकच भाव. सकाळी साडेसहाला रस्त्यावर पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलामुलींची अशी रांग होती की आमच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळून घेतली. नाशिकला एवढ्या पहाटे रस्त्यावर फक्त फिरायला निघालेले म्हातारे दिसतात.

नाश्त्याला ज्योतीने सुशीला खायला घातली. भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली ही मऊ मऊ न्याहारी आमच्याकडे मिळत नाही. मी दोन बशा खाल्ल्या आणि पाककृती लिहून घेतली. ती कधीपासून करतात, कोणी सुरू केली, याचा पुरावाही हॉटेलवाल्याकडे मागितला. इतिहासवाल्यांची ही खोड जात नाही. तो म्हणाला, "आमचा बाप करायचा, त्याच्या आधीचं म्हैत न्हाई." मी तेही लिहून घेतलं.

मग गिरणीत गेलो. दारापासूनच हवा पिवळी होती. आत यंत्रांचा असा गडगडाट की बोलणं खुणेनेच. अंगणात तेलपाणी लावलेली तूर उन्हात पसरलेली, तिच्यातून बायका अनवाणी पाय फरफटवत चालत होत्या आणि मागे सरळ सऱ्या उमटत होत्या. एका टेम्पोतून पोती उतरत होती. मुकादमाने पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढले, त्यातला एक दाढेखाली घेतला, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. टेम्पो परत गेला.

"वल्ली हाय," ज्योतीने माझ्या कानात सांगितलं. "वाळलेली असली की दाणा कटकन फुटतो. वल्ला दाणा चपटा होतो."

मला राहवलं नाही. मीही एक दाणा उचलून दाढेखाली घेतला. कटकन आवाज झाला. मुकादम कौतुकाने माझ्याकडे बघत असतानाच माझ्या लक्षात आलं की फुटली ती तूर नव्हे, माझ्या दाढेवरची टोपी निघून हातात आली आहे. पुढचे पाच दिवस मी मराठवाड्यात काय काय खाल्लं नाही याची यादी मोठी आहे आणि तिच्यात शेंगदाण्याची ती जाडसर चटणी पहिली आहे. दंतवैद्याने टोपी तात्पुरती बसवून दिली आणि बजावलं, "मॅडम, लातूर-नांदेड फिरा, पण मऊ खा."

लातूर, गुरुवार

बिराजदार सर म्हणजे कपाळावर विभूती, खिशाला तीन पेनं, आणि त्यांतलं एक लाल. त्यांच्या खोलीत प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती, साखरेच्या डब्यावरसुद्धा, आणि चिठ्ठीवर तारीख. मला माणूस तिथेच आवडला. तारीख टाकणाऱ्यांबद्दल मला आपुलकी वाटते.

"चहा घेण्यात यावा," ते म्हणाले. चेष्टा नव्हती. तीस वर्षं अहवाल लिहून त्यांच्या बोलण्यातूनही माणूस निघून गेला होता. नमुने घेण्यात येतात, निरीक्षणं नोंदवण्यात येतात, निष्कर्ष काढण्यात येतात. कोण घेतं, कोण नोंदवतं, कोण काढतं, याचा पत्ता नाही.

ज्योतीचं चौथं प्रकरण त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. पानापानावर 'मी' या शब्दाभोवती लाल गोल होते. तिने लिहिलं होतं, 'मी मिलमध्ये बसून पाहिले.' सरांनी केलं होतं, 'मिलमध्ये निरीक्षण करण्यात आले.'

"सर, हे मराठी फार कोरडं होतंय," मी म्हणाले.

"व्हायलाच पाहिजे," ते म्हणाले, आणि मग शांतपणे जे सांगितलं त्याने मी जरा खजील झाले. "मॅडम, आमच्याकडं प्रयोग कोण केला याला किंमत नाही. हा करू दे, तो करू दे, निकाल तोच आला पाहिजे. म्हणून आम्ही माणूस काढतो. अहंकार जावा म्हणून काढतो. आमचे गुरुजी सांगायचे, तुझं नाव वाचायला कोणी पुस्तक उघडत नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. पण खरं भांडण पुढेच होतं. सोबतच्या तक्त्यात तीस जणांची नावं नव्हती, क्रमांक होते. प्रत्येकाला तुरीचे नमुने चावायला देऊन अंदाज घेतला होता आणि तो यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिला होता. बहुतेकांचं कधी जुळलं होतं, कधी चुकलं होतं. फक्त एका ओळीत एकदाही चूक नव्हती: 'उत्तरदाती क्र. १४. स्त्री. वय पन्नासच्या पुढे. शिक्षण नाही.' सरांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली होती.

"इतकं अचूक माणूस नसतंय," ते म्हणाले. "कुठंतरी मोजायला चुकलंय. कारण सांगता येत असेल तर ठेवा. नाही तर ओळ काढा, तेव्हाच माझी सही. ज्योतीला चारदा विचारण्यात आलं, ती काही बोलतच नाही."

मी ज्योतीकडे पाहिलं. ती साखरेच्या डब्यावरची तारीख वाचत होती.

नांदेड, शुक्रवार

दुपारी नांदेडला सय्यद मॅडमच्या घरी पोचलो तेव्हा टेबलावर खिचडी आणि खट्टा तयार होता. मसुरीची पिवळी खिचडी, वरून चिंचेचा आंबट पातळ खट्टा, आणि बाजूला पापड. पापडाकडे मी नुसतं पाहिलं. खिचडी माझ्या दाढेला मानवली. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं नाहीतर घाईचं जेवण, इथे ती पाहुण्याला मानाने वाढतात. मॅडमच्या घरात चिठ्ठी एकाही डब्यावर नव्हती, पण प्रत्येक डब्यामागे हकीकत होती. चिंच कोणत्या गावच्या बाईने दिली, तिच्या सुनेचं काय झालं, हे कळल्याशिवाय खट्टा वाढला जात नव्हता. आणि माझ्या दाढेची टोपी कशी निघाली हे त्यांनी इतक्या बारकाईने विचारलं की मी अर्धा तास बोलत होते. नंतर बघते तर त्या वहीत लिहून घेत होत्या.

"आदत आहे," त्या हसून म्हणाल्या. "ज्योती, आता कामाचं. तुझ्या चौथ्या प्रकरणात सगळं आहे, फक्त तू नाहीस. मतलब, हे कोण पाहतंय? भिंत पाहते का?"

"सरांनी 'मी' काढायला लावला, मॅडम."

"सरांचं त्यांच्या जागी ठीक आहे. पण आमच्याकडे विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. साहेब विचारतो तेव्हा बाई एक सांगते, शेजारीण विचारते तेव्हा बिलकुल दुसरं. मग विचारणारी कोण, तिचं या बायांशी नातं काय, हे लिहिल्याशिवाय मी सही कशी करू?" मग त्यांनी तक्ता पुढे ओढला. "आणि ही चौदा नंबर. हिच्यात तर तुझ्या प्रबंधाचा जीव आहे. हिला काढायचं नाही. हिच्यावर वीस पानं लिही. कोण आहे ही, कशी शिकली, कुठे राहते?"

ज्योती पाणी प्यायली. मला दोन्ही गुरूंचं पटत होतं आणि हीच माझी अडचण होती. एकाला ओळ काढायची होती, दुसरीला ती वाढवायची होती, आणि मुलगी दोन्हीकडे मुकी.

त्या दोघी भांडी आवरत असताना मी व्हरांड्यात बसून ज्योतीच्या मुलाखतींच्या मूळ वह्या काढल्या. पक्का प्रबंध आम्ही इतिहासवाले शेवटी वाचतो, आधी कच्चे कागद बघतो. प्रत्येक मुलाखतीच्या डोक्यावर तिने जागा लिहिली होती. 'मिलचं अंगण.' 'धान्याचा मोंढा, गेटजवळ.' 'मुकादमाची खोली.' चौदाव्या मुलाखतीवर एकच शब्द होता: 'घरी.' बाकी कोणाच्याही घरी ती गेली असती तर तिने घर कोणाचं ते लिहिलं असतं. नुसतं 'घरी' माणूस एकाच घराला म्हणतं.

संध्याकाळी आम्ही दोघी गोदावरीच्या घाटावर बसलो. ही आमच्या नाशिकचीच नदी, पण इथे येईपर्यंत चांगली रुंद आणि सावकाश झालेली. मी ज्योतीला विचारलं, "चौदा नंबर तुझी आई आहे ना?"

तिने पाण्यात पाय सोडले. मग म्हणाली, "हाव, मायच हाय."

मग सगळं बाहेर आलं. मुलीचं शिक्षण लातूरला व्हावं म्हणून आई गाव सोडून तिथे आली होती आणि वीस वर्षं डाळीच्या गिरणीत राबली होती. तूर चावून सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गुडघे गेले तशी ती गावी परतली. "एमएस्सीला शिकवलं होतं, घरच्या माणसाचा नमुना घ्यायचा न्हाई," ज्योती म्हणाली. "पण तिला सोडून हा विषय कसा लिहू मॅडम? मग नंबर टाकला अन् गप बसले. सरांना सांगावं तर ते म्हणतील घरचं माणूस, सगळंच खोटं. मॅडमना सांगावं तर त्या म्हणतील इतके दिवस का लपवलं? 'शिक्षण नाही' असं लिवताना लई वाईट वाटलं मला. तिच्यामुळंच तर माझं झालं."

मला तिचा राग आला, हे कबूल करते. माहितीचं साधन लपवणं हा आमच्या शास्त्रातला सगळ्यात मोठा गुन्हा. मी तिला तसं स्पष्ट सुनावलं आणि सुनावताना माझाच रुमाल काढून तिच्या हातात दिला, त्यामुळे बोलण्याचा काही परिणाम झाला नाही.

हदगाव, शनिवार

हदगावच्या स्टँडवर उतरून पुढे शेअर जीपने गावात गेलो. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी आणि मधूनमधून तूर, शेंगांनी वाकलेली. ज्योतीच्या आई प्रयागबाई अंगणात चुलीवर पातेलं ठेवून बसल्या होत्या. पातेल्यात मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकळत होत्या. शिजलेली शेंग दातात धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात, साल हातात. आमच्याकडे हा प्रकार वाटाण्याच्या शेंगांचा करतात, पण तुरीची गोडी निराळी. दंतवैद्याला स्मरून मी अर्धं पातेलं संपवलं.

प्रयागबाई उंच, काटक, बोलताना समोरच्याकडे नीट बघणाऱ्या. "बाई, पोरीचं पुस्तक झालं का?" त्यांनी मला विचारलं.

मी ज्योतीकडे बोट केलं. ज्योतीने खाली बघत सांगून टाकलं की पुस्तकात तू आहेस, पण नाव घातलेलं नाही, नंबर घातलाय.

"कितवा?"

"चौदा."

प्रयागबाईंनी शेंगा हलवल्या. "मंग पैली कोण?"

"पार्वतीकाकू."

"तिला तर दात न्हाईत."

"खालचे हायत, माय. अन् नंबर हुशारीचा न्हाई, ज्या दिवशी भेटले त्याचा हाय."

"मला तू जन्मल्यापून भेटून राहिलीस," प्रयागबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, आता हसण्यावारी न नेता, "अन् माझं नाव का न्हाई घातलं? लाज वाटली का?"

"न्हाई माय," ज्योती म्हणाली आणि रडायला लागली. प्रयागबाईंनी तिला रडू दिलं, पातेलं उतरवलं, मग पदराने तिचं तोंड पुसलं. "रडून राहिली येडी. दोघा मास्तरांला खरं काय ते सांग. फोन लाव."

ज्योतीने माझ्यासमोरच दोन्ही फोन केले. सय्यद मॅडम म्हणाल्या, "उद्या आईंना घेऊन माझ्या घरी या. जेवायलाच या." बिराजदार सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एकोणतीस बाहेरचे आणि एक स्वतःची आई?" ज्योती हो म्हणाली. "रविवारी नांदेडला येण्यात येईल," ते म्हणाले. "नमुने आणण्यात येतील. तुम्ही त्यांच्याशी तुरीबद्दल एक अक्षर बोलू नका."

परतीच्या जीपमध्ये प्रयागबाई आणि मी शेजारी बसलो. ज्योतीने तुरीचं शेत दिसलं तरी मान दुसरीकडे वळवली. इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मी क्वचितच पाहिली.

नांदेड, रविवार

सय्यद मॅडमच्या जेवणाच्या टेबलावर बिराजदार सरांनी आठ पुड्या मांडल्या, त्यांवर अनुक्रमांक टाकले, ओलावा मोजायचं यंत्र काढून ठेवलं. दोन गुरू फोनवर वर्षभर भांडले होते, पण समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होते. सय्यद मॅडमनी सरांना "प्रवास कसा झाला?" म्हणून विचारलं आणि सर "बरा झाला" एवढंच म्हणाले, यावर मॅडमचा विश्वासच बसेना. सरांनी ज्योतीला स्वयंपाकघरात पाठवून दार लावून घेतलं. आई-लेकीत डोळ्यांनीही बोलणं नको म्हणून.

"ताई, यंत्राचे आकडे माझ्याकडं आहेत," ते प्रयागबाईंना अदबीने म्हणाले. "तुम्ही फक्त सांगा."

प्रयागबाईंनी पहिल्या पुडीतला दाणा दाढेखाली घेतला आणि डोळे मिटले. आवाज आम्हालाही ऐकू आला. "ही भरून ठिवा." दुसरी. "हिला दोन उनं लागतील." तिसरी. "एक ऊन. ते बी सकाळचं."

त्यांचं माप उन्हाचं होतं. सर कागदावर त्यांचं ऊन लिहीत होते आणि शेजारी यंत्राचा आकडा, चेहरा दगडासारखा. पाचवीपर्यंत त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी मात्र त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. जिथे आकडा वाढत होता तिथे उनं वाढत होती. एकदाही उलट झालं नाही.

सहाव्या पुडीतला दाणा चावून प्रयागबाई थांबल्या. दुसरा घेतला. तिसरा, चौथा. मग पुडी सरांच्या पुढे सरकवली. "ही कोणी मिसळली?"

"यंत्रात मधलाच आकडा आलाय," सर म्हणाले. "साधारण दीड ऊन समजा."

"दीड ऊन दिलं तर अर्धी करपंल अन् अर्धी कुजंल. ही दोन घरची तूर हाय. एक वाळलेली, एक वल्ली. कोणी मिसळली?"

बिराजदार सरांनी पेन खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "मी."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी चार दिवसांत पहिल्यांदा ऐकला. त्यांनी काल रात्रीच दोन पोत्यांतली तूर मुद्दाम एकत्र केली होती, पकडण्यासाठी. आता ते स्वतःच पकडले गेले होते आणि त्यांना याचा इतका आनंद झाला होता की त्यांनी उठून प्रयागबाईंना वाकून नमस्कार केला. उरलेल्या दोन पुड्या चाखल्या गेल्या, पण त्या नियमापुरत्या.

"ओळ राहील," सर म्हणाले. "आणि नावासकट राहील. आम्ही यंत्राची कंपनी लिहितो, मॉडेल लिहितो. म्हणजे दुसऱ्याला तेच यंत्र शोधता यावं. मग या दाताचं नाव कसं नाही लिहायचं?"

सय्यद मॅडम खुर्चीत पुढे झाल्या. "सर, हमारे यहां नाव लपवतात. माणसाला त्रास होऊ नये म्हणून. नाव घालायचं तर आईंनी स्वतः म्हटलं पाहिजे. वाचून घेऊन, समजून, सही करून."

"मी कालपून तेच म्हणून राहिले," प्रयागबाई म्हणाल्या. "नाव लिव्हा."

मी कडेला बसून हे ऐकत होते. विज्ञानाला नाव हवं होतं यंत्र सापडावं म्हणून, समाजशास्त्राला नाव चालणार होतं संमती असेल तर, आणि माझ्या इतिहासाला नाव हवंच असतं, पुरावा म्हणून. तिघांच्या वाटा वेगळ्या आणि गाव एकच निघालं. मला फार समाधान वाटलं, आणि मॅडमनी वाढलेली खीर मी दोनदा मागून घेतली.

ज्योतीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. तिने तासाभरात चौथ्या प्रकरणाचं पहिलं पान नव्याने लिहिलं. सही मागण्याआधी ते आईला वाचून दाखवायचं ठरलं होतं. ती खाकरून वाचू लागली. गिरणी कुठे, आई तिथे कशी आली, अंगणात ती काय करायची. सय्यद मॅडम मान डोलवत होत्या. सर लाल पेन हातात धरून होते पण झाकण काढलं नव्हतं. मग वाक्य आलं, "तूर दाताने ओळखण्याची ही विद्या मी माझ्या आईकडून, प्रयागबाई यांच्याकडून, शिकले."

"थांब," प्रयागबाई म्हणाल्या. "शिकली कवा?"

"माय, लहानपणापून तुझ्यासोबत चावून राहिले ना."

"चावून राहिलीस. तुला येत न्हाई."

मला वाटलं, आई थट्टा करतेय. पण त्या थट्टा करत नव्हत्या. बिराजदार सरांनी निमूटपणे पुड्या ज्योतीपुढे सरकवल्या, आकड्यांचा कागद झाकून. तिने एकेक दाणा चावला. वाळलेली तूर ओली सांगितली, ओली वाळलेली सांगितली, आणि मिसळलेल्या पुडीला म्हणाली, "ही एकदम भारी, भरून ठेवा."

सय्यद मॅडमनी हसू दाबलं. सर म्हणाले, "विधानाला पुरावा नाही. काढा." मॅडम त्याच क्षणी म्हणाल्या, "खोटं आहे ते, काढ." वर्षभरात दोघांचं एकमत झालेलं हे पहिलं वाक्य, आणि ते काढून टाकायचं होतं.

ज्योती लॅपटॉपपुढे जाऊन बसली. चेहरा पडला होता. सोमवार उद्यावर आला होता आणि तिच्या प्रबंधातलं सगळ्यात प्रिय वाक्य गेलं होतं. मी काही सुचवायला तोंड उघडलं, पण तिने हाताने थांबवलं. मग सावकाश टाइप केलं आणि तितक्याच सावकाश वाचलं: "ही विद्या शिकण्याचा मी प्रयत्न केला. मला ती येत नाही. माझी आई प्रयागबाई यांना ती येते. म्हणून या प्रकरणातील निष्कर्ष त्यांचे आहेत आणि त्यांच्या नावाने दिले आहेत."

बिराजदार सरांची नजर पडद्यावरच्या 'मी'वर थांबली. त्यांनी लाल पेन खिशाला लावलं, निळं काढलं आणि मान्यतेच्या पानावर सही केली. सय्यद मॅडमनी त्याखाली केली.

संमतीचा कागद प्रयागबाईंपुढे आला. त्यांनी तो घेतला नाही. लेकीकडे बघितलं, मग मिसळलेल्या तुरीची पुडी जवळ ओढून त्यातला एक दाणा चिमटीत धरला.

"येत न्हाई म्हणलीस ना," त्या म्हणाल्या. "आता येईल. तोंड उघड."